तोफेतली चिल्लर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपुऱ्याला, गोल घुमट पाहायला गेलेली माणसे वेळ उरला तर शेर्झा बुरुजावरही चढतात. तिथे एक प्रचंड तोफ पडून आहे. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहासारख्या जनावराचा जबडा कोरलेला आणि त्या जबड्यात हत्ती. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. ओतणारा कारागीर रूमी होता, म्हणजे तुर्कस्तानकडचा. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला आली. फारसीत तिचे नाव ‘मलिक-ए-मैदान’, मैदानाचा मालक. मराठी माणसाच्या जिभेने त्याची ‘मुलूखमैदान’ केली आणि मग एखाद्या सभेत गर्जणाऱ्या वक्त्यालाही आपण मुलूखमैदान तोफ म्हणू लागलो. १८५४ साली इंग्रजांनी तिचा लिलाव काढला. सगळ्यांत मोठी बोली आली १५० रुपयांची. ती इतकी क्षुल्लक वाटली की विक्रीच रद्द झाली. तोफ वाचली ती अशी, गिऱ्हाइकाच्या कंजूषपणामुळे.

या तोफेबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत हिच्यात गोळ्याऐवजी तांब्याचे पैसे भरून उडवले आणि विजयनगरची फौज उधळली, अशी ती गोष्ट. आता ५५ टनांचे हे धूड तेव्हाच्या रस्त्यांवरून, नद्या ओलांडून रणांगणापर्यंत ओढत नेले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. मात्र गोष्टीचा दुसरा भाग, पैशांचा, तसा सोडून देता येत नाही. तो फरिश्त्याने लिहून ठेवला आहे. फरिश्ता आधी निजामशाहीत होता, मग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या पदरी आला आणि लढाईनंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्याने इतिहास लिहिला. निजामशाही तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमी खान. त्याने तोफांच्या तीन रांगा लावल्या. पुढे मोठ्या, मागे मध्यम, त्यामागे लहान. या तोफा दिसू नयेत म्हणून समोर तिरंदाजांची फळी उभी केली. शत्रू जवळ आला तसे तिरंदाज बाजूला सरले आणि तोफांनी तोंड उघडले. ठरावीक गोळ्यांचा उपयोग संपला, तेव्हा रूमी खानाने आधीच भरून ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत ठासल्या. तोफांच्या तोंडाशी पाच हजारांवर माणसे पडली, असे फरिश्ता सांगतो. आकडा दरबारी इतिहासकाराचा आहे, तेव्हा हातचे राखून घ्यावा. पण थैल्यांचा तपशील पदरचा घालावा असा नाही.

त्याच फरिश्त्याने आणखी एक चित्र दिले आहे, ते फारसे कोणी उद्धृत करत नाही. लढाई ऐन रंगात असताना वृद्ध रामराय पालखीतून उतरून सिंहासनावर बसला आणि त्याने आपल्याभोवती पैशांच्या राशी रचायला लावल्या. जो पराक्रम करील त्याला तिथल्या तिथे ओंजळीने द्यायचे. म्हणजे एका बाजूला शूर माणसाला बक्षीस म्हणून नाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसाच्या छातीत घुसण्यासाठी नाणी. त्या संध्याकाळपर्यंत रामरायाचे शिर धडावेगळे झाले होते.

रूमी खानाने केले ते तत्त्वतः अगदी साधे होते आणि ते त्याने शोधलेही नव्हते. तोफ मुळात भिंतीसाठी जन्मली. दगडाचा किंवा लोखंडाचा एक मोठा गोळा तटावर आदळायचा, खिंडार पाडायचे. हाच गोळा मोकळ्या मैदानात माणसांवर टाकला तर तो रांगेतून सरळ एक वाट करत जातो. समोरचे चार-सहा गेले तरी बाजूचे वाचतात. माणूस भिंतीएवढा भक्कम नाही. त्याला मारायला शेरभर लोखंड लागत नाही, सुपारीएवढा तुकडा पुरतो. मग एका मोठ्या गोळ्याऐवजी नळीत शंभर लहान तुकडे घातले तर? युरोपात पंधराव्या शतकापासूनच तोफेत दगडगोटे, खिळे, लोखंडाची मोडतोड भरत असत. बार झाला की नळीच्या तोंडातून हे सगळे चाळणीतून पाणी उडावे तसे पसरत जाते. लांब जात नाही, पण जवळ आलेल्या माणसाला सुटका नसते.

फ्रेंच भाषेत या माऱ्याला ‘मित्राय’ म्हणतात. हा शब्द कुठून आला? जुन्या फ्रेंचमध्ये तांब्याच्या एका अगदी हलक्या नाण्याचे नाव होते ‘मीत’. त्यावरून ‘मित्राय’ म्हणजे खुर्दा, मोड, धातूची तूटफूट. तीच मोड मग तोफेत गेली. म्हणजे तालिकोटला जे प्रत्यक्ष घडले, ते फ्रेंचांच्या शब्दकोशातही घडलेले आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. कवीला युद्धाबद्दल बोलायला बोलावले की तो शब्दांच्याच मागे लागणार, हे आपण गृहीत धरावे.

शब्दांचेच पाहायचे तर हा सगळा व्यवहार आपल्याकडे आला तो चार मुलखांतून. तोप हा तुर्की शब्द, आपण त्याची तोफ केली. बारूद फारसीतून आली, मराठीतली दारूही तिथलीच. काडतूस पोर्तुगीजांकडचे. गोळा आपलाच, आणि त्याला फारसी ‘अंदाज’ जोडून फेकणारा तो गोलंदाज. रेडिओवर क्रिकेटचे मराठी धावते वर्णन ऐकताना ‘गोलंदाज धावत येतोय’ असे शब्द कानी पडतात, तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे बत्ती घेतलेला माणूस येत नाही. ते बरेच आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या बाजूने ज्याचा तोफखाना शेवटपर्यंत लढला, तो इब्राहिमखान गारदी मात्र आपल्याला आठवतो. या धंद्यात जातधर्म विचारायला कोणाला सवड नव्हती. नळी तापली की सगळ्यांचेच हात भाजत.

अठराव्या शतकापर्यंत मोडतोडीचा हा कारभार नीटनेटका झाला. कारण खिळे आणि दगड नळीला आतून ओरखडतात, तोफ लवकर निकामी होते. मग दोन प्रकार रूढ झाले. पहिल्यात लाकडी किंवा लोखंडी तबकडीवर मधल्या दांड्याभोवती लोखंडी गोळ्या रचायच्या, त्यावर किंतानाची पिशवी चढवायची आणि बाहेरून दोरीने आवळायचे. दोरीच्या पिळांतून फुगून आलेल्या गोळ्या हुबेहूब द्राक्षांच्या घडासारख्या दिसत. इंग्रजांनी त्याला नावही तेच दिले, द्राक्षगोळा. हा जास्त करून जहाजांवर वापरात होता. दुसरा प्रकार त्याहून साधा. पत्र्याचा एक डबा, त्यात बंदुकीच्या गोळ्या किंवा लोखंडी छर्रे, फटींत लाकडाचा भुसा, वर झाकण. बार होताच डबा तोंडाशी फाटायचा आणि आतला माल शंकूच्या आकारात पुढे. इंग्रजी नावाचा अर्थ डबाच आहे. आपणही डबाच म्हणू.

हा डबा किती परिणामकारक होता, याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. इंग्रजांच्या सहा पौंडी तोफेच्या हलक्या डब्यात ८५ गोळ्या असत, जड डब्यात ४१. पल्ला जेमतेम तीनशे मीटर. पायदळ रांग धरून चालत आले तर हे अंतर काटायला त्याला तीनेक मिनिटे लागत. सरावलेले गोलंदाज जवळच्या माऱ्यात मिनिटाला दोन-तीन बार काढू शकत, कारण नेम धरायची गरजच नसे. आठ बार धरले तर एका तोफेमागे सुमारे सातशे गोळ्या. अशा वीस तोफा एका रांगेत असल्या तर त्या तीन मिनिटांत समोरच्या हवेत काय होत असेल? सगळ्या लागत नसत. अर्ध्या जमिनीत, बऱ्याच डोक्यावरून. तरीही.

या तीन मिनिटांचा सगळ्यांत वाईट अनुभव ज्यांना आला, त्यांतले बरेचसे आपल्या जालना जिल्ह्यात मेले आहेत. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज विरुद्ध आर्थर वेलस्ली अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. वेलस्लीची लढाईत उतरलेली कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास. समोर नुसते शिंद्यांचे कवायती पायदळच दहा हजारांवर, घोडदळ त्याच्या कितीतरी पट आणि तोफा शंभराच्या घरात. शिंद्यांच्या पलटणींचा प्रमुख होता पोलमन नावाचा जर्मन, हॅनोव्हरचा.

वेलस्लीने नदी कशी ओलांडली, ती गोष्ट मजेची आहे. वाटाड्यांनी सांगितले, इथे कुठेही उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसतात ती मध्ये येण्याजाण्याची वाट असल्याशिवाय नाही, असा त्याने तर्क केला आणि तो खरा निघाला. आपल्या मुलखातल्या अडाणी शेतकऱ्याला जे ठाऊक असते, ते त्याला शेजारी वाटाडे असताना स्वतःच्या डोक्याने शोधावे लागले. उतरताना तोफेचा गोळा आला आणि त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके उडाले. धड तसेच घोड्यावर राहिले.

पलीकडे आल्यावर त्याला वाटले होते, मराठ्यांची फळी बाजूने गाठता येईल. पोलमनने एवढ्या अवधीत सगळी फळी वळवून तोंडासमोर आणली. कवायतीच्या हिशेबाने हे अवघड काम होते आणि ते शिस्तीत झाले. मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज पहिल्या काही मिनिटांतच गारद झाले, तेव्हा वेलस्लीने तोफा तिथेच टाकून पायदळाला संगिनी लावून पुढे जायला सांगितले. जसजसे ते जवळ आले, तसतसा मराठी गोलंदाजांनी गोळा सोडून डबा आणि द्राक्षगोळा घेतला. उजव्या बाजूला एका अधिकाऱ्याच्या चुकीने एक तुकडी सरळ असई गावाच्याच रोखाने गेली आणि तिच्यामागोमाग ७४ वी हायलँडर पलटण. गावात तोफा खच्चून होत्या. त्या पलटणीतल्या सुमारे ५०० माणसांपैकी ४०० च्या घरात मेली वा जखमी झाली. उरलेल्यांनी पडलेल्या सोबत्यांच्या देहांचा आडोसा केला.

डाव्या बाजूला इंग्रज पायदळ तोफांपर्यंत पोहोचले. गोलंदाज जागेवरून हलले नाहीत. तोफेजवळच संगिनींनी मारले गेले. फळी फुटली, इंग्रज पुढे गेले आणि तेवढ्यात पाठीमागून डब्यांचा मारा सुरू झाला. तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले होते, त्यांनी तोफा उलट फिरवल्या होत्या आणि आपल्यावरून पुढे गेलेल्या रांगांवर त्या डागल्या होत्या. वेलस्लीला स्वतः एक पलटण आणि घोडदळ घेऊन मागे यावे लागले. पुन्हा तोफा घ्याव्या लागल्या. त्याच्या अंगाखालचे दोन घोडे त्या दिवशी गेले, एक गोळीने आणि दुसरा भाल्याने घायाळ.

दोन्ही सरदार, शिंदे आणि भोसले, लढाई निकालात निघण्यापूर्वीच मैदानातून गेले होते. गोलंदाज राहिले. त्यांची नावे मला कुठे सापडली नाहीत. वेलस्लीच्या बाजूच्या मृतांचा आकडा ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८, असा नेमका लिहिलेला आहे. मराठ्यांच्या बाजूचा ‘बाराशे मृत, एकूण सहा हजारांपर्यंत’ असा अंदाजाने. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, त्यांची मोजणी मात्र चोख आहे. म्हातारपणी कोणी वेलिंग्टनला विचारले, आयुष्यातली तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही. ‘असई’ एवढेच म्हणाला. लढलेल्या इंग्रजी पलटणींना असईचा हत्ती मानचिन्ह म्हणून मिळाला. आपल्या आजच्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही तो हत्ती आहे. कारण कंपनीच्या बाजूने तो डब्यांचा मारा खाणाऱ्यांत मोठी संख्या मद्रासकडच्या शिपायांची होती. दोन्ही बाजूंनी मरणारे बहुतेक इथलेच.

याच्या आठ वर्षे आधी, ५ ऑक्टोबर १७९५ रोजी, हाच माल पॅरिसच्या रस्त्यावर वापरला गेला होता. राजेशाहीच्या बाजूचा जमाव सरकारवर चालून आला तेव्हा सव्वीस वर्षांच्या नेपोलियनने म्युराला पाठवून शहराबाहेरच्या ४० तोफा रातोरात आणवल्या आणि सेंट रॉक चर्चजवळ जमलेल्या लोकांवर डबे सोडले. तीनशेच्या आसपास माणसे मेली. नेपोलियनचे नशीब तिथून फळफळले. तटासाठी जन्मलेली तोफ आता नागरिकांच्या गर्दीपर्यंत पोहोचली होती आणि काम भागले होते. पुढच्या अनेक राजवटींनी तो धडा घेतला.

पण डब्याची एक अडचण होती, पल्ला. तीनशे मीटरच्या पलीकडे तो निरुपयोगी. ती अडचण एका इंग्रज तोफखाना अधिकाऱ्याने सोडवली आणि त्याचे आडनाव जगातल्या सगळ्या भाषांत गेले. हेन्री श्रॅपनेल, जन्म १७६१, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावचा. तरुणपणी जिब्राल्टरला असताना त्याने ही कल्पना आकाराला आणली. पोकळ गोळ्यात छर्रे भरायचे, त्यात अगदी थोडी दारू आणि वेळेवर जळणारा पलिता. गोळा शत्रूच्या डोक्यावर थोडा अलीकडे आला की फुटायचा. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. ती दारू माणसे मारण्यासाठी नव्हती, नुसते कवच उघडण्यापुरती होती. छर्‍यांना वेग गोळ्याचाच मिळालेला असे. म्हणजे हा डबाच, फक्त तोफेच्या तोंडाशी उघडण्याऐवजी हजार मीटर पुढे, हवेत उघडणारा. पलिता किती लांब कापायचा, यावर सगळे अवलंबून. आखूड कापला तर आपल्याच माणसांवर, लांब कापला तर जमिनीत.

इंग्रजांनी तो १८०३ मध्ये, म्हणजे असईच्याच वर्षी, स्वीकारला. पहिला वापर पुढच्या वर्षी दक्षिण अमेरिकेत सुरिनामला डचांविरुद्ध. १८०८ मध्ये पोर्तुगालात व्हिमेरोच्या लढाईत वेलस्लीनेच तो फ्रेंचांवर वापरला. असईला आपल्या माणसांवर जे कोसळले होते, त्याची ही लांब पल्ल्याची आवृत्ती आता त्याच्या हाती होती. श्रॅपनेलने स्वतःच्या खिशातून बराच पैसा या प्रयोगांवर घातला होता. १८१४ मध्ये सरकारने त्याला वर्षाला १२०० पौंडांचे तहहयात वेतन दिले. १८४२ मध्ये तो वारला. गोळ्याला अधिकृतपणे त्याचे नाव मिळाले ते त्यानंतर दहा वर्षांनी. आज वर्तमानपत्रात कुठल्याही बॉम्बस्फोटाच्या बातमीत ‘श्रॅपनेल’ लागून जखमी, असे छापून येते. ते काटेकोरपणे बरोबर नाही, कारण ती बहुतेक वेळा बॉम्बच्या कवचाची फुटून उडालेली कपची असते, मुद्दाम भरलेले छर्रे नव्हेत. पण शब्द कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या बोलीत तर खिशातल्या चिल्लरीला ‘श्रॅपनेल’ म्हणतात. चहावाल्याला सुटे देताना लोक सहज म्हणतात, माझ्याकडे थोडे श्रॅपनेल आहे. नाण्यापासून निघालेला हा शब्दांचा प्रवास फिरून नाण्यापाशी आला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंदुकीच्या नळीला आतून आटे आले, बंदूक चारशे-पाचशे मीटरवरून अचूक लागू लागली आणि डब्याच्या पल्ल्यात तोफ उभी करणाऱ्या गोलंदाजालाच मरण जवळ आले. तरीही ३ जुलै १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गला दक्षिणेचे बारा-साडेबारा हजार सैनिक उघड्या रानातून चालत आले, तेव्हा उत्तरेच्या गोलंदाजांनी शेवटच्या टप्प्यात एका बारात दोन-दोन डबे ठासून सोडले. त्या माऱ्यात समोरच्या रांगांचे काय झाले असेल, त्याचे वर्णन मी इथे करत नाही. रविवारच्या सकाळी ते कोणाला नको असते.

पहिल्या महायुद्धात श्रॅपनेल गोळा शिखरावर होता. इंग्रजांच्या अठरा पौंडी तोफेच्या एका गोळ्यात ३७४ शिशाच्या गोळ्या असत. उघड्यावरच्या माणसांसाठी हे भयंकर हत्यार. पण खंदकात उतरलेल्या माणसाला त्याचा धोका राहिला तो वरून, डोक्याला. १९१५ मध्ये आधी फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी पोलादी शिरस्त्राणे आणली, ती मुख्यतः या वरून पडणाऱ्या गोळ्यांसाठी. इंग्रजी शिरस्त्राण बशीसारखे पसरट का, याचे उत्तर यात आहे. खांद्यांवरही थोडी सावली पडावी. आपल्याकडचे शिपाई मात्र १९१५ च्या मार्चमध्ये फ्रान्सात नव शापेलला लढले ते पागोट्या-टोप्यांवर. शिरस्त्राण तोवर आलेले नव्हते. १९१६ मध्ये सोमच्या लढाईपूर्वी जर्मनांचे काटेरी तारेचे कुंपण तोडायलाही इंग्रजांनी हेच गोळे वापरले. माणसासाठी बनवलेल्या छर्‍यांनी तार तुटली नाही, निदान सगळीकडे नाही. १ जुलैच्या सकाळी पायदळ त्या न तुटलेल्या तारेपाशी जाऊन अडकले.

पुढे जास्त शक्तीची स्फोटके आली आणि श्रॅपनेल गोळा मागे पडला. डबा मात्र मेला नाही. जिथे जिथे माणसे अंधारातून, झाडीतून, एकदम जवळ येतात, तिथे तो परत येतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर जपानी सैनिक रात्री नदीच्या तोंडाशी वाळूवरून धावून आले, तेव्हा अमेरिकनांनी ३७ मिलिमीटरच्या लहानशा रणगाडाविरोधी तोफांतून डबे सोडले. प्रत्येकात १२२ पोलादी गोळ्या. रणगाड्यांसाठी आणलेली तोफ माणसांवर चालली. व्हिएतनाममध्ये याच्याही पुढची पायरी आली. गोल छर्‍याऐवजी मागे चिमुकले पंख असलेला पोलादी बाण, सुईसारखा. १०५ मिलिमीटरच्या एका गोळ्यात असे आठ हजार. १९६६ च्या अखेरीस ते प्रथम लढाईत उतरले. २१ मार्च १९६७ रोजी सुओई त्रे येथे व्हिएतकाँगचे सैनिक छावणीत शिरले तेव्हा अमेरिकन गोलंदाजांनी नळ्या आडव्या करून ते सोडले. हवेत जाताना हजारो सुया गुणगुणतात म्हणून त्याला नाव मिळाले मधमाश्यांचे पोळे.

आता ही नावे ओळीने म्हणून पाहा. द्राक्षांचा घड. डबा. मधाचे पोळे. एखाद्या घरच्या फळीवरचे जिन्नस वाटावेत. ज्या हत्याराला स्वतःचे खरे नाव घ्यायला लाज वाटते, ते स्वयंपाकघरात येऊन लपते, असे मला पहिल्यांदा वाटले होते. नंतर लक्षात आले की ही नावे देणारे सेनापती नव्हते. ती गोलंदाजांनी, शिपायांनी दिली. जे रोज हाताळायचे ते घरच्या शब्दांनीच हाताळता येते. पण घरचा शब्द वापरला की हातून काय सुटते आहे, हे थोडे कमी दिसते, हेही तितकेच खरे.

आजच्या रणगाड्यात हा डबा आहे का? आहे. १९९९ मध्ये दक्षिण कोरियातल्या अमेरिकन सेनेच्या प्रमुखाने मागणी केली की उत्तरेचे पायदळ लाटांसारखे अंगावर आले, खांद्यावरचे रणगाडाविरोधी अस्त्र घेऊन शे-दोनशे मीटरवर आले, तर आमच्या अब्राम्स रणगाड्यापाशी त्यांना रोखायला योग्य गोळा नाही. त्यातून १२० मिलिमीटरचा एक नवा गोळा तयार झाला. आत १०९८ टंगस्टनच्या गोळ्या, प्रत्येक सुमारे साडेनऊ मिलिमीटरची. स्फोटक नाही, पलिता नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडताच कवच उघडते आणि गोळ्या शंकूत पसरतात. पल्ला पाचशे मीटरच्या आसपास. रूमी खानाला हा गोळा दाखवला असता तर त्याला समजावून सांगायला फारसे काही लागले नसते. तांब्याच्या जागी टंगस्टन एवढाच फरक. कोरियासाठी मागितलेला हा गोळा प्रत्यक्षात वापरला गेला तो इराकमध्ये, शहरांतून.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला राष्ट्रांनी ठरवले की ४०० ग्रॅमपेक्षा हलकी स्फोटक गोळी माणसावर मारायची नाही. १९८० च्या करारात क्ष-किरणांत न दिसणाऱ्या तुकड्यांवर बंदी आली, म्हणजे काच, प्लास्टिक. १९९७ मध्ये माणसांसाठीच्या सुरुंगांवर करार झाला. डबा यांतल्या कशातच बसत नाही. तो स्फोटक नाही, धातूचा असल्यामुळे क्ष-किरणांत दिसतो आणि तो वाट पाहत जमिनीत पडून राहत नाही. बाणांच्या गोळ्यावरही स्वतंत्र बंदी नाही. इस्राएली रणगाड्यांनी गाझा पट्टीत हे गोळे वापरले, त्याविरुद्ध दोन मानवी हक्क संघटना इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. हे हत्यार आंतरराष्ट्रीय करारांनी निषिद्ध केलेले नाही, असे कारण दिले.

१६ एप्रिल २००८ रोजी गाझात रॉयटर्सचा कॅमेरामन फदल शना गाडीतून उतरला. गाडीवर ‘टीव्ही’ आणि ‘प्रेस’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते, अंगातल्या जाकिटावरही. त्याने तिकाटणे उभे केले आणि दूरच्या टेकाडावरच्या रणगाड्याकडे कॅमेरा लावला. रणगाड्याने गोळा सोडला तो क्षण त्या कॅमेऱ्यात आहे. नळीच्या तोंडाशी धूर दिसतो, मग हवेत काही तरी फुटते आणि चित्र संपते. शरीरातून निघाले ते लहान पोलादी बाण. लांबी पावणेचार सेंटीमीटर. त्याच्या आसपास असलेली मुले आणि तरुणही मेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्राएली लष्कराने रॉयटर्सला कळवले की रणगाड्यातल्या सैनिकांना त्याच्या हातात कॅमेरा आहे की शस्त्र, हे ओळखता आले नाही आणि त्यांचा निर्णय योग्य होता. रणगाडा दीड किलोमीटरच्या आसपास दूर होता. तालिकोटच्या थैल्या तोफेच्या तोंडाशी आलेल्या माणसांसाठी होत्या. समोरचा चेहरा दिसल्यावाचून त्या सोडताच येत नसत.